प्रोसिजर क्रमांक चौदा

साठ जणांच्या वर्गात आम्ही मुलगे सहा.
वॉर्डात कुणी हाक मारली, 'सिस्टर',
की मागे वळून बघतो,
कोण आलीय ते.

पहिल्या वर्षी चादरीचे कोपरे.
पंचेचाळीस अंश. उजागरे मॅडम
कंपासपेटीतला गुन्या घेऊन यायच्या, खरंच.
मग संत्र्यात सुई, मग रबरी बाहुलीत,
जिला आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचनं
शकूआक्का नाव ठेवलंय
आणि जिची करंगळी फेविक्विकनं चिकटवलीय.
शकूआक्काची नाडी लागत नाही.
तरी आम्ही मिनिटभर मनगट धरून उभे राहायचो
आणि वहीत लिहायचो : बहात्तर.

कारंज्याहून बाबा फोनवर विचारतात,
मागे कॉम्प्रेसरची फुसफुस,
"डॉक्टर नाही, मग नेमकं काय होतोस तू?"
मी सांगतो, बी.एस्सी., विद्यापीठाची डिग्री, चार वर्षं.
"हां, डिग्री आहे म्हणजे ठीक,"
आणि कुणाच्या तरी मागच्या चाकाकडे वळतात.

यादीतल्या चुकीनं माझी ड्युटी लागली
स्टेशनजवळच्या सरकारी दवाखान्यात,
बायकांच्या हाडांच्या वॉर्डात.
खाट अकरा : ठकूबाई केंजळे, भोरकडच्या,
खुब्याचं हाड, पायाला वजन,
पंधरा दिवस उताण्या.
मी स्पंजचं पाणी घेऊन गेलो तर
पदर गळ्यापर्यंत ओढून म्हणाल्या,
"बाप्या मानसानं? गप जा."
गेलो.
स्पंज नाझनीननं दिला. मी पडद्याबाहेर,
टॉवेल धरून, पाठ करून.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं.
"ए सिस्टर. तू रं, तूच.
केसांत हात घालता येतो का तुला?"
मानेखाली उशीला घासून घासून
काथ्या झालेला नुसता.
पुस्तकात होतं सगळं. प्रोसिजर चौदा, पाच मार्क.
ट्रेमध्ये कंगवा, खोबरेल, कागदी पिशवी,
केस मुठीत धरावेत, ओढ टाळूला लागू नये.
टोकाकडून मुळाकडे सोडवत गेलो, पाऊण तास.
खाली मालधक्क्याच्या चौकात पीएमटी कोकलत होत्या.
मग पुस्तक म्हणतं : 'वेणी घालावी.'
एवढंच. कशी, ते नाही.
पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलं असणार
वाचणारीला ते घरूनच येतं.

मला बहीण नाही.
आईचा अंबाडा मी फक्त मागून पाहिलेला.
संध्याकाळी मेसमध्ये नाझनीननं
गॉझच्या तीन पट्ट्या खुर्चीच्या पाठीला बांधल्या.
उजवी मधलीवर. आता डावी मधलीवर.
"आता मधली कुठली?"
"मधली बदलत राहते, येड्या.
तेच तर आहे."
आमटीवर साय धरेपर्यंत मी विणत बसलो,
उसवत, विणत.
कुणीतरी फोटो काढला. काढू दे.

सकाळी वेणी झाली, पण
डाव्या कानाकडे सरकली.
रबर नव्हतं, टोकाला पट्टीच बांधली.
ठकूबाईंनी स्टीलच्या ट्रेत तोंड पाहिलं,
वेणी पुढे घेतली,
दावं पारखावं तशी दोन्ही हातांनी ओढली.
"वाकडी हाय."
बऱ्याच वेळानं, "पन घट हाय."

वहीत लिहिलं : केसांची निगा घेतली.
टाळू स्वच्छ. उवा नाहीत.
रुग्णाने सहकार्य केले.
मॅडमनी पाचापैकी साडेतीन दिले.
कागदी पिशवी विसरलो होतो.

रविवारी बाबांना सांगितलं, वेणी घालायला शिकलो.
कॉम्प्रेसर बंद झाला.
मला वाटलं, फोनच कटला.
मग म्हणाले,
"तुझ्या आईचा हात मोडला होता ना,
तेव्हा महिनाभर मीच घालायचो.
कुणाला बोललो नाही."

उद्या फार्माकॉलॉजीचा पेपर.
डोस पाठ करत जिना उतरतोय
तर वरून, लांबच्या कुठल्यातरी खाटेवरून,
"सिस्टर!"
जिन्यात दुसरं कुणी नाही.
"आलो," म्हणालो.